कॅसेटमधले काका

*मावशी, नागपुरात महाल भागातल्या माहेरी माळ्यावर आठ-दहा व्हीएचएस कॅसेटी सापडल्या. सगळ्या १९९० नंतरच्या. माझे वाढदिवस, तान्हा पोळा, आत्याचं लग्न. माझी मुलं (वय १३ आणि ९) बघायला उतावीळ झालीत. पण जिथेतिथे धाकटे काका आहेत. घराच्या वाटणीवरून बाबांचं आणि त्यांचं बोलणं कधीच बंद झालंय. असे कुणी आजोबा आहेत हे मुलांना ठाऊकच नाही. बाबा म्हणतात, "त्याचं तेवढं कापून दाखव." काय करू? – महालातली लेक*

लेकी, कापू नकोस. आणि कापणार तरी किती? त्या काळी घरात कॅमेरा असला तर तो बहुतेक घरातल्या धाकट्याच्याच हातात असायचा. जिथे काका दिसत नाहीत, तिथे "इकडे बघ गं" म्हणणारा आवाज त्यांचाच निघायचा.

पण मुलांच्या आधी बाबांना दाखव. एकट्यांना, दुपारी, मुलं शाळेत असताना. नातवंडांना कळेल याची धास्ती त्यांना असेलच, पण तरुणपणीचा भाऊ अचानक समोर आला तर आपलं काय होईल, ही धास्ती जास्त असावी असं मला वाटतं. नातवंडांच्या देखत त्यांचे डोळे भरून आले तर ते उठून जातील आणि पुन्हा टीव्हीसमोर बसणार नाहीत. बघून झाल्यावरही ते नको म्हणाले, तर थोडं थांब. आणि यातून भाऊ-भाऊ एकत्र येतील, अशी आस मात्र मनात धरू नकोस.

मुलांना खरं तेवढंच सांग. धाकट्याला, "हे आजोबांचे भाऊ, त्यांचं भांडण झालंय" एवढं पुरतं. थोरला विचारेल, चूक कुणाची? तू न्यायाधीश होऊ नकोस. "आजोबांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील," म्हण आणि पुढे चल.

सुरुवात लग्नापासून नको. लग्नाच्या कॅसेटीत जेवणाच्या पंगतीच फार, पोरं कंटाळतात. तान्हा पोळा लाव. लाकडी बैल घेऊन उभी असलेली तू दिसलीस की चित्र थांबव. बैल कुणी आणला, शिंगांना बेगड कुणी लावली, बोजारा (बैल घेऊन दारोदार गेल्यावर पोरांना मिळणारा खाऊ-पैसे) कोणत्या घरी जास्त मिळायचा, हे बाबांना विचारू दे. तोच मारबतीचाही, म्हणजे पीडा घालवायला पुतळे मिरवत नेण्याचाही दिवस, आणि घर महालात. मागून मिरवणुकीचा गलका ऐकू येतो का, हे पोरांनाच शोधायला लाव. बाबा बोलत असतील तेव्हा शेजारी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड होऊ दे. कॅसेटीत सगळे दिसतात, पण कोण कुणाचं कोण, हे ती सांगत नाही.

आता कॅसेटीचं. नागपूरचा माळा म्हणजे मे महिन्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. टेपला दोन्ही वाईट. आजच खाली काढ. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नकोस. बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीही खराब होतात. तिला जाणकाराकडेच दे. बाकीच्यांच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी तोडून टाक, म्हणजे चुकून वरून काही रेकॉर्ड होणार नाही. उशीर मात्र नको. जपानमधल्या शेवटच्या कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं; आता जी मशीनं आहेत ती सगळी जुनी. तीन तासांची कॅसेट मोबाइलवर बघण्याजोगी करून घ्यायला तीन तासच लागतात, तेव्हा दुकानदार "दहा मिनिटांत देतो" म्हणाला तर उठून ये. न कापलेली फाइल आणि मूळ कॅसेट दोन्ही परत माग.

एक प्रत काकांच्या घरीही जायला हवी, त्यांच्याही मुलांचं बालपण त्यात असेल. बाबांच्या कानावर घालूनच पाठव, पण तू स्वतः जाऊ नकोस. आत्याकडे दे. तिच्या लग्नाची कॅसेट आहे, तिला कोण अडवणार?