वृद्धाश्रमात गेल्यापासून आईला चोवीस तास डायपर लावतात. वय झालं की हे असंच चालायचं का?

नाही. नुसत्या वयामुळे लघवीवरचा ताबा जात नाही. मी बरीच वर्षं पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात सिस्टर आहे, आणि 'वय झालंय त्यांचं' हे वाक्य रोज ऐकते.

तुम्ही लिहिलंय की घरी आई भिंतीला धरून का होईना, स्वतः बाथरूमला जात होत्या आणि आश्रमात महिन्याभरात डायपर लागला. मग मूत्राशयच निकामी झालंय असं आत्ताच धरून चालू नका. जागा नवी, बाथरूम लांब आणि हाक मारल्यावर मावशी येईपर्यंत धीर धरवत नाही, एवढंही कारण पुरतं. पुढे डायपर आहे म्हटल्यावर न्यायला कुणी येत नाही, चालणं सुटतं, आणि मग खरोखरच डायपरशिवाय भागत नाही.

आधी तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगा. एक साधी वही पुरे. कधी कोरड्या होत्या, कधी ओल्या, चहा-पाणी कधी घेतलं, पोट कधी साफ झालं. याच तीन दिवसांत दिवसभर दर दोन तासांनी मावशींनी आपणहून जाऊन विचारायचं, "आजी, बाथरूमला जायचं का?" हो म्हणाल्या तर न्यायचं, कोरड्या असल्या तर तसं कौतुकानं सांगायचं, नको म्हणाल्या तर ओढून न्यायचं नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये १९८०च्या दशकापासून ही पद्धत तपासली गेली आहे. साधारण २५ ते ४० टक्के लोकांचं दिवसा ओलं होणं त्यानं बरंच कमी होतं, आणि कुणाला उपयोग होणार ते बहुतेक वेळा या तीन दिवसांतच कळतं. विसरभोळेपणा असला तरी करून बघावं. ज्यांना उपयोग होत नाही त्यांना वेळेवर डायपर बदलणं हीच चांगली सेवा.

आता पोटाचं बघा, कारण तिथे फार फसगत होते. मळाचा खडा अडकला की तो मूत्राशयावर दाबतो. लघवी थेंब थेंब गळते किंवा तुंबते. कधी खड्याच्या कडेनं पातळ शी झिरपते. मावशी सांगतात "जुलाब होताहेत", मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि खडा आणखी घट्ट होतो. त्यामुळे चार दिवस पोट साफ नाही आणि एकदम पातळ व्हायला लागलं, तर डॉक्टरांना तपासायला लावा. रोज सकाळी चहा-नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी कमोडवर बसवायचं. जन्मभर उकिडवं बसायची सवय असलेल्या बाईचे पाय कमोडवर अधांतरी राहिले तर जोर कसा येणार? पायाखाली पाट द्या.

गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. पाय सुजतात किंवा बीपी आहे म्हणून दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी दिली जात असेल, तर रात्रभर अंथरूण ओलं होणारच. ती सकाळी देता येईल का विचारा. झोपेच्या गोळीनं जागच येत नाही. साखर वाढली तरी लघवी जास्त होते. स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करू नका.

'संध्याकाळनंतर पाणी बंद' हा आश्रमांचा लाडका उपाय आहे. झोपायच्या आधीचा चहा टाळणं ठीक, पण दिवसभर पाणी तोडलं तर लघवी कडक होते, मूत्राशय चिडतं, वर बद्धकोष्ठ. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

कपड्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही. परकराच्या नाडीची निरगाठ थरथरत्या बोटांनी सुटेपर्यंत होऊन जातं. गाऊन किंवा इलॅस्टिकचा परकर न्या. रात्रीसाठी खाटेशेजारी कमोडची खुर्ची आणि एक मंद दिवा.

डायपर लागलाच तर ओला झाल्यावर बदलायचा, 'भरल्यावर' नाही. एकावर एक दोन लावायचे नाहीत. बदलताना कातडी घासू नये, टिपून कोरडी करावी आणि झिंक ऑक्साईडचं क्रीम पातळ लावावं. माकडहाडाजवळचा लालपणा दाबल्यावरही पांढरा होत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सोय म्हणून लघवीची नळी आणि पिशवी लावतो म्हणाले तर स्पष्ट नाही म्हणा. नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

बोलताना मावशींवर चिडू नका. रात्रपाळीला एकटीच्या वाट्याला पूर्ण मजला येतो. वहीचा विषय मॅनेजर आणि सिस्टरशी काढा, बदलायच्या वेळा लेखी मागा. दाद देत नसतील तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, १४५६७.

ताप आला, लघवीतून रक्त गेलं, अचानक बडबडायला लागल्या किंवा लघवी होत नाही आणि ओटीपोट फुगलंय, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.