वाचकांचे प्रश्न : हाताखाली आकार बदलणारं टेबल

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही ३६ खुंट्यांचं टेबल करतोय. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलप्रमाणे खुंट्या वर-खाली व्हाव्यात आणि हाताने दाबल्या की मॉडेलही बदलावं. छोटे सर्व्हो (ठराविक कोनात फिरणाऱ्या गिअरच्या मोटारी) लावले, पण खुंटी दाबली की त्यांचे गिअर तुटतात. काही खुंट्या मध्येच अडकतात. काय करावं?

उत्तर : सर्व्हो काढाच. त्याच्या गिअरना उलटा जोर सोसत नाही आणि खुंटी कुठवर दबली हे तो कंट्रोल बोर्डाला कळवतही नाही. साउंड मिक्सरमध्ये असतो तसा मोटारवाला फेडर (सरकतं बटण) घ्या : १०० मिमी धाव, १० किलोओहम, लिनिअर. मोटार खुंटी हलवते, फेडरमधला पोटेन्शियोमीटर (सरकवल्यावर रोध बदलणारा भाग) तिची जागा सांगतो. एमआयटी मीडिया लॅबच्या 'इनफॉर्म' या अशाच टेबलात (२०१३) हीच रचना आहे : ९०० खुंट्या, दर ६ खुंट्यांना एक बोर्ड, असे १५० बोर्ड. तुम्हाला ६ अर्डुइनो उनो बोर्ड पुरतील. दोन मोटारींना एक डीआरव्ही८८३३ (मोटार चालवणारी ड्रायव्हर चिप), म्हणजे १८ ड्रायव्हर लागतील. सप्लाय ९ व्होल्टचाच ठेवा. १२ व्होल्टला ही चिप जळते.

सगळ्या मोटारी एकदम सुरू केल्यात तर व्होल्टेज कोसळून बोर्ड रीसेट होतील. एकेक ओळ थोड्या अंतराने सोडा. बोर्डांचा सप्लाय वेगळा, ग्राउंड मात्र एकच.

दाब ओळखायला वेगळा सेन्सर नको. सांगितलेल्या उंचीपासून खुंटी ५ मिमीपेक्षा जास्त खाली गेली आणि १५० मिलिसेकंद तिथेच राहिली, तर मोटार बंद करा आणि तीच उंची मॉडेलमध्ये लिहा. मोटार हाताशी झुंजत राहिली तर ड्रायव्हर तापतो. हे मोजमाप खुंटी मुक्कामाला पोहोचल्यावरच सुरू करा, नाहीतर तिचा प्रवासच दाब समजला जाईल. खुंटी थरथरत असेल तर १ मिमीपर्यंतचा फरक (बोर्डाच्या ० ते १०२३ रीडिंगमध्ये सुमारे १०) सोडून द्या.

अडकण्याचं कारण बहुधा मार्गदर्शक पट्टी (खुंट्या जिच्या भोकांतून जातात ती) एकच असणं. खुंटी तिरकी होते आणि भोकाच्या कडेला चावते. तिच्याखाली ५०-६० मिमीवर दुसरी पट्टी बसवा आणि भोकं खुंटीपेक्षा ०.३ मिमी मोठी ठेवा. फेडर खुंट्यांपेक्षा रुंद असल्याने ते बाजूला पसरावे लागतात. खुंटी आणि फेडर यांना जोडणारी सळई नायलॉनच्या नळीतून न्या, पण तीव्र वळण देऊ नका. वीज बंद असताना प्रत्येक खुंटी एका बोटाने सहज खाली गेली पाहिजे. ही तपासणी झाल्याशिवाय कोडला हात लावू नका.

प्रश्न : अशा टेबलावर कान (धरायची कडी) असलेला कप दाखवता येईल का?

उत्तर : नाही. एका जागी एकच उंची मिळते, त्यामुळे कानाखालची पोकळी भरलेलीच दिसेल. डोंगरउतार, इमारतींचे ठोकळे, आलेखाचे पृष्ठभाग यांसाठी मात्र ते उत्तम.