पुढे टॉवर स्पीकर घेतले, आता मागचे जुने सराउंडही बदलायला हवेत का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. फोंड्यातला फ्लॅट, ११ बाय १६ फुटांचा हॉल, नवा ए.व्ही. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर), पुढे टॉवरची जोडी, त्याच मालिकेतला सेंटर आणि वेगळा सबवूफर (फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारी पेटी). मागे मात्र जुन्या तयार होम थिएटर सेटमधले मुठीएवढे दोन स्पीकर. मागून आवाज जाणवतच नाही, पणजीच्या आयनॉक्समध्ये बसल्यासारखं वाटत नाही, म्हणून चवथीच्या सवलतीत २५ हजारांची नवी जोडी घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

स्पीकर बदला, असंच मी सांगेन. पण त्यामागचं कारण तुम्ही दिलंय ते नाही. मागून काही ऐकूच येत नसेल, तर तो दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो. तो तसाच राहिला तर २५ हजारांचे स्पीकरही गप्पच बसतील. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या.

चित्रपट चालू असताना रिसीव्हरच्या समोरच्या पट्टीवर काय लिहून येतं ते पाहा. टीव्हीतल्याच अ‍ॅपवरून बघत असाल आणि आवाज एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत नेणाऱ्या जोडणीने) रिसीव्हरला येत असेल, तर पट्टीवर डॉल्बी डिजिटल प्लस किंवा तत्सम नाव दिसायला हवं. तिथे नुसतं पीसीएम दिसत असेल तर टीव्ही ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीचा, आवाज दोन चॅनलमध्ये दाबून पुढे पाठवतोय. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवरून काढून ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा. नाव कंपनीगणिक वेगळं असतं. ऑप्टिकल वायर लावली असेल तर ती काढून एचडीएमआय लावा. ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल जातं, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, आणि हल्ली अ‍ॅपवरचा ५.१ आवाज बहुतेक प्लसमध्येच असतो. मूळ कार्यक्रमच स्टिरिओ असेल, जुने मराठी चित्रपट किंवा रोजच्या मालिका, तर रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल एक्स हा मोड निवडा. तो दोन चॅनलमधून मागच्यांसाठी आवाज वेगळा काढतो.

एवढं करूनही मागून सतत काहीतरी वाजत राहील ही अपेक्षा ठेवू नका. मी आमच्या भागातल्या देवळांच्या उत्सवी नाटकांना आवाजाची बाजू सांभाळतो. मंडपाच्या मागच्या टोकाला स्पीकर ठेवून विजेचा गडगडाट जोरात सोडला की पुढच्या दहा रांगा माना वळवून मागे बघतात, आणि रंगमंचावरच्या नटाचं वाक्य वाया जातं. तोच गडगडाट थोडा खाली घेतला की मान कुणाचीच वळत नाही, पण पाऊस आपल्या डोक्यावर आलाय असं सगळ्यांना वाटतं. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण करणारेही मागच्या चॅनलमध्ये प्रामुख्याने असंच काही ठेवतात: पाऊस, बाजाराची गजबज, खोलीतली घुमणूक, पार्श्वसंगीताची शेपटी. हेलिकॉप्टर रोज येत नाही.

आयनॉक्सचं म्हणाल तर तिथली रचनाच निराळी. २००४ साली इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तेव्हा जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात ते उभं राहिलं, तेव्हापासून आपल्याकडे सगळे त्याच्याशीच तुलना करतात. पण थिएटरात बाजूच्या भिंतींवर स्पीकरची रांगच्या रांग असते आणि ५.१ मध्ये ती सगळी रांग मिळून एक चॅनल वाजवते. त्यामुळे कोणत्याही खुर्चीला एक विशिष्ट स्पीकर कानाशी लागत नाही. घरात एका बाजूला एकच स्पीकर. तो कुठे टांगलाय यावर जवळजवळ सगळं ठरतं. म्हणून मी जागेला स्पीकरपेक्षा वर धरतो.

तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि स्पीकर त्याच भिंतीवर, डोक्याच्या मागे आहेत, असं फोटोत दिसतंय. ते तिथून काढा. ५.१ साठी डॉल्बीची शिफारस ११० ते १२० अंशांची आहे. समोर टीव्हीची रेषा शून्य धरली तर ९० अंश म्हणजे कानाच्या अगदी रेषेत बाजूला, आणि त्याहून थोडं मागे ही खरी जागा. सोफा भिंतीला टेकला की तेवढं मागे जायला वाव नसतो, तेव्हा बाजूच्या भिंतींवर ९० ते १०० अंशांवर लावा आणि शक्य झाल्यास सोफा फूटभर तरी पुढे ओढा. डोक्यामागच्या भिंतीपेक्षा ते कितीतरी चांगलं.

उंचीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ११ फूट रुंदीच्या हॉलमध्ये हाच मुद्दा सगळ्यात जास्त छळतो. सोफ्यावर तिघे बसतात. डाव्या टोकाच्या माणसापासून डावा स्पीकर समजा २ फुटांवर, उजव्या टोकाच्या माणसापासून ८ फुटांवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे २ चे ८ झाले की १२ डेसिबल. एकाच्या कानात पाऊस ओततोय आणि दुसऱ्याला पत्ताच नाही. आता तोच स्पीकर कानाच्या पातळीहून ३ फूट वर न्या. जवळच्याचं खरं अंतर साडेतीन फुटांच्या पुढे जातं, लांबच्याचं साडेआठ होतं, आणि फरक साडेसात डेसिबलच्या आसपास येतो. खोलीत भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे प्रत्यक्षात तो याहूनही कमी जाणवतो. शिवाय शेजाऱ्याचं डोकं मध्ये येत नाही. तुमच्याकडे छतावर स्पीकर नाहीत, म्हणून जमिनीपासून सहा-साडेसहा फुटांवर, किंचित खाली झुकवून लावायला माझी हरकत नाही. पुढे कधी अ‍ॅटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) छतात स्पीकर घालायचे असतील तर मात्र सराउंड कानाच्या पातळीच्या जवळ ठेवावे लागतात, नाहीतर वरचा आवाज आणि बाजूचा आवाज यांत फरकच उरत नाही. तेव्हा हे आत्ताच ठरवून टाका.

आता तुमचे स्पीकर बदलायचेच का, त्याकडे येतो. ते उलटे करा आणि मागचं लेबल वाचा. तयार सेटमधल्या छोट्या स्पीकरवर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) लिहिलेलं असतं. ते त्यांच्याच सेटच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी बनवलेले असतात. तुमच्या रिसीव्हरच्या मागे स्पीकरच्या टर्मिनलपाशी किमान किती ओहम चालतील ते छापलेलं असेल. स्पीकरचा आकडा त्याहून खाली असेल तर जोरात ऐकताना रिसीव्हर तापेल आणि बंद पडेल. केवळ या एका कारणासाठीही मी ते उतरवले असते.

दुसरं कारण कानाला कळणारं आहे. ३ इंची कोन १५० हर्ट्झच्या खाली फारसं काही देऊ शकत नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज रिसीव्हर सबवूफरकडे वळवतो तो आकडा, ८० वर ठेवलात तर ८० ते १५० मधला भाग सबवूफरही वाजवत नाही आणि हे स्पीकरही नाही. तिथे भोक पडतं, आणि ढोलाचं अंग, पुरुषी आवाजाचा भरदारपणा, ढगांची घरघर नेमकी तिथेच असते. बरं, क्रॉसओव्हर १५० वर नेला तर तो भाग सबवूफरकडे जातो. पण ८०-१०० हर्ट्झच्या वरचा आवाज कुठून येतोय हे कानाला ओळखता येतं, आणि तुमचा सबवूफर टीव्हीच्या शेजारी आहे. मागची घरघर पुढून ऐकू येते. मागून काहीच येत नाही ही तुमची भावना यातूनही आली असेल.

तेव्हा घ्यायचं काय? तुमच्या टॉवरच्याच मालिकेतली सगळ्यात लहान बुकशेल्फ जोडी, ५ इंची वूफरची. टॉवरशी स्वर तंतोतंत जुळायलाच हवा असा हट्ट मात्र धरू नका. पुढच्या तिघांत तो लागतोच, कारण संवाद आणि गाड्या एका स्पीकरमधून दुसऱ्यात सरकतात. बाजूने आणि मागून येणारा आवाज कानाच्या पाळीवरून वेगळ्या तऱ्हेने आत शिरतो, त्यामुळे हुबेहूब तोच स्पीकर मागे लावला तरी तो पुढच्यासारखा ऐकू येत नाही. मालिका बंद झाली असेल तर साधारण तशाच ट्वीटरची (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) दुसऱ्या कंपनीची जोडी बिनधास्त घ्या. बॉक्सला मागे भोक असेल तर ती भिंतीला चिकटवता येत नाही. पोर्ट पुढे असलेली किंवा पूर्ण बंद पेटीच घ्या. संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक विजेवर स्पीकर किती जोरात वाजतो त्याचा, आकडाही बघा. ८४ आणि ८७ डेसिबल हा फरक छोटा दिसतो, पण तेवढ्याच आवाजासाठी ८४ वाल्याला दुप्पट वॉट लागतात. डायपोल, म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेले स्पीकर, डॉल्बीच्या जुन्या प्रो लॉजिक पद्धतीच्या काळात मागे एकच चॅनल असायचा तेव्हा उपयोगी होते. आजच्या ५.१ मध्ये साधे, थेट तोंडाचे बरे.

दुकानदार सांगणार नाही ते आपल्या हवेचं. जूननंतर इथल्या भिंतींना ओल धरते, विशेषतः पावसाच्या झडीकडच्या बाहेरच्या भिंतीला. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) पेटी अशा भिंतीला टेकली की मागची कड फुगते आणि व्हिनियर सुटतं. ब्रॅकेट असा घ्या की पेटी आणि भिंत यांत दोन-तीन बोटं हवा राहील. कोनाभोवतीची कड रबराची हवी. फोमची कड दमट उष्णतेत कुजून भुगा होते, म्हणून कुणी घर सोडताना स्वस्तात जोडी देत असेल तर जाळी काढून ती कड बोटाने हलकेच दाबून पाहा. चिकट लागली किंवा तुकडा सुटून आला तर सोडून द्या. आणि भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर साधा छोटा रावळ प्लग टिकत नाही, चिरा आतून भुसभुशीत आणि पोकळ असतो. लांब प्लग, लांब स्क्रू, आणि भोक दोन चिऱ्यांच्या सांध्यात नको.

वायरवर पैसे उधळू नका, पण जुन्या सेटची केसाएवढी वायरही ठेवू नका. मागे जायला भिंतीच्या कडेने १२ मीटर लागतील असं धरा. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन साधारण ०.३ ओहम अडतात, ८ ओहमच्या स्पीकरला ते कळतही नाहीत. अर्ध्या स्क्वेअर एमएममध्ये तेच एक ओहमच्या घरात जातं. फक्त तांबं खरं आहे का ते बघा: एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. आपल्या खाऱ्या, ओल्या हवेत उघडी टोकं हिरवी-काळी पडतात, म्हणून पावसाळा सरला की अर्धा इंच कापून नवं टोक लावा, किंवा बनाना प्लग घट्ट बसवून टाका.

बसवल्यावर रिसीव्हरचं ऑटो सेटअप चालवा. माइक सोफ्याच्या उशीवर किंवा हातात नको, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला. पंखा बंद. मग दोन गोष्टी स्वतः बघा. सगळे स्पीकर स्मॉल (म्हणजे त्यांचा खालचा आवाज सबवूफरकडे जातो), क्रॉसओव्हर ८०, आणि मागच्यांना हवा तर १००. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल, ते तसंच राहू द्या, त्याच्या आतल्या सर्किटचा विलंब त्यात धरलेला असतो. डेनॉनच्या रिसीव्हरवर ऑडिसी (आवाज आपोआप जुळवणारी यंत्रणा) असेल तर त्यातला डायनॅमिक ईक्यू कमी आवाजात मागचे स्पीकर आपोआप वर उचलतो. काहींना ते आवडतं, मला खटकतं. एकदा चालू, एकदा बंद करून ऐका. टेस्ट टोन लावून फोनच्या अ‍ॅपवर पाचही चॅनलची पातळी सारखी येते का पाहा. फोनचा आकडा नेमका नसतो, पण पाचांची आपापसात तुलना करायला पुरतो.

२५ हजार सगळे स्पीकरवर घालू नका. त्याच मालिकेतली छोटी जोडी आधी ठरवा, आणि ब्रॅकेट, वायर आणि बाल्कनीच्या काचेला जाड पडदा एवढ्याला पैसे राखून ठेवा. व्हिट्रिफाइड फरशी आणि एका बाजूला मोठी काच असली की डावा-उजवा सराउंड कधी जुळत नाहीत, आणि तिथे पडदा जे करतो ते महाग स्पीकर करू शकत नाही.

सोफ्याच्या कोणत्या बाजूला बाल्कनीचं सरकतं दार येतं आणि त्या बाजूला स्पीकर टांगायला भिंत उरते का, हे फोटोत दिसत नाही. तेवढं कळवा. भिंत नसेल तर त्या बाजूला स्टँड लागेल, दोन्हीकडे उंची सारखी ठेवायची तर दोन्ही स्टँडच घ्यावे लागतील, आणि त्यांचे पैसे आधी बाजूला काढूनच जोडी निवडावी लागेल.