सेकंडहँड गाडी घेताय? आधी सीटबेल्ट ओढा

प्रश्न: ऐरोलीत २०१७ची वॅगनआर बघितलीय, एमएच ४३ पासिंग, मालक म्हणतो एकदम टकाटक. काय काय बघू? – एक वाचक, कळवा

उत्तर: दादा, पॉलिशवर जाऊ नका. आपल्याकडे पावसात पार्किंगमध्ये पाणी भरतं, म्हणून आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग दिसला किंवा डिकीत स्टेपनीखाली गंज, आत कुबट वास, तर सरळ घरी या, अशा गाडीचं वायरिंग नंतर फार रडवतं. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा (आधीच गरम करून ठेवलं असेल तर मला तरी शंका येते). आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ बघितल्याशिवाय टोकन नाही. गाडी तुमच्या नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर मालकाच्या सह्या घ्याच. आणि मेकॅनिक आपला न्या, त्यांचा नको.