गावच्या ओढ्याचं पाणी पोहण्यासारखं आहे का, हे टीडीएस मीटरवर कळेल का?

नाही कळणार. तुम्ही लिहिलंय की वरच्या अंगाला वस्ती वाढलीय, पोरं तरी डोहात उड्या मारतातच, आणि मीटर २२० दाखवतो म्हणून घरचे निश्चिंत आहेत. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बाकी काही नाही. आमच्या बोअरला ६५० येतो आणि आम्ही तेच पितो (डाळ शिजता शिजत नाही, ते वेगळं). उलट संडासाचं पाणी मिसळलेला ओढा खुशाल ३०० दाखवेल. जंतू मीटरला दिसत नाहीत.

वाहत्या पाण्याची तब्येत मी तरी आधी विरघळलेल्या ऑक्सिजनवरून बघतो. सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू हा ऑक्सिजन खाऊन टाकतात. तो मोजायची विंकलरची पद्धत १८८८ सालची आहे, आणि कॉलेजात शिकवताना मी ती दरवर्षी करून घ्यायचो. ३०० मिलीची बाटली एकही बुडबुडा न ठेवता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. एका एप्रिलात आम्ही मुठेचे नमुने घेतले. खडकवासला धरणाखालची बाटली चहासारखी झाली. पुण्यात संगमाजवळची मात्र ताकासारखी पांढरीच राहिली. एक मुलगी म्हणाली, "सर, केमिकल खराब झालंय." केमिकल त्याच बाटलीतलं होतं.

आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, ३ च्या आत. मोजायचं तर उजाडताना मोजा. शेवाळ असलेला डोह दुपारी उन्हात ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे घाण पाणीही दुपारी झकास आकडा देतं. मी स्वतः यात एकदा फसलोय.

किट नसेल तर खळाळत्या जागेतला एखादा दगड उचलून उलटा करून बघा. पोटाच्या कडेला कल्ले फडफडवणारी, बहुधा तीन शेपट्यांची, मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं चिकटलेली असतील तर बरं लक्षण. चिखलात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील तर वाईट. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या जेमतेम ऑक्सिजनवरही तगतात.

पण तुमचा खरा प्रश्न पोरांचा आहे, आणि कॉलरा-काविळीचे जंतू चांगला ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही असू शकतात. ग्रामपंचायतीत मिळणारी, पाणी काळं पडलं की दूषित अशी बाटली इथे फारशी कामाची नाही. ती पिण्याच्या पाण्यासाठी असते, ओढ्याचं पाणी त्यात बहुतेक वेळा काळं पडणारच. तुम्हाला मोजलेला आकडा हवा: विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू, १०० मिलीत ५०० च्या आत असावेत, अगदी कमाल मर्यादा २५००. जलसुरक्षक पिण्याच्या पाण्याचे नमुने कुठे पाठवतात ते विचारा आणि निर्जंतुक बाटली त्या प्रयोगशाळेकडूनच घ्या. बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन चालत नाही. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

नमुने दोन घ्या, एक वस्तीच्या वर आणि एक डोहात. वरचा बरा आणि डोहातला वाईट आला, तर ते दोन्ही कागद ग्रामसभेत ठेवा. तोवर पोरांना वस्तीच्या वरच्या बाजूला न्या, आणि मोठी सर येऊन गेल्यावर एक-दोन दिवस तिथेही नको, कारण शेतातली, उकिरड्यावरची सगळी घाण तेव्हाच धुऊन खाली येते.