जुनी गाडी अजून किती वर्षं? दुरुस्तीचा खर्च कशाशी तोलायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोलची गाडी, वय १२ वर्षं, मीटरवर १,४०,००० किलोमीटर, वापर वर्षाला साधारण ९,०००. मेकॅनिकने क्लच सेट, पुढचं सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व आणि पिस्टन एका तालात ठेवणारा रबरी पट्टा), चार टायर आणि एसीचा कंडेन्सर असं मोठं एस्टिमेट हातात दिलंय. खर्च गाडीच्या बाजारभावाच्या चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. एवढे पैसे जुन्या गाडीत घालावेत, की ७ वर्षांचं कर्ज काढून नवी घ्यावी?

आधी मत सांगून टाकतो. दुरुस्ती करा आणि गाडी आणखी ३ वर्षं वापरा. फक्त एक पैसाही खर्च करण्याआधी इंजिनाची एक चाचणी करून घ्या. तिच्याबद्दल शेवटी लिहिलंय.

हिशेबाच्या सोयीसाठी नव्या गाडीची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत १०० धरू आणि बाकीचं सगळं त्याच मापात मोजू. तुमच्या एस्टिमेटची फोड अशी होते: टायर २, सस्पेन्शन १.८, क्लच १.५, बेल्ट १.२, कंडेन्सर ०.५. एकूण ७. गाडीचा भाव तुम्ही १८ धरलाय.

‘दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या अमुक टक्क्यांवर गेली की गाडी विकून टाकायची’ हा ठोकताळा खूप जण वापरतात, पण त्याने निर्णय चुकतो. गाडी जुनी होईल तशी तिची किंमत उतरते, त्यामुळे तीच दुरुस्ती दरवर्षी जास्त महाग दिसायला लागते. प्रत्यक्षात ७ खर्च करून तुम्ही गाडीचा भाव विकत घेत नाही, पुढच्या काही वर्षांचं चालणं विकत घेता. म्हणून तुलना करायची ती जुनीच्या पुढच्या वर्षांच्या खर्चाची आणि नवीच्या दरवर्षीच्या खर्चाची.

दुसरी गोष्ट, १८ हा भाव ठणठणीत गाडीचा आहे. क्लच घसरतोय, पुढून खडखडाट येतोय, अशा अवस्थेत विकायला काढलीत तर १४ मिळाले तरी पुष्कळ. आज तुमच्या हातात खरोखर १४ आहेत, आणि हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा.

आता जुनीचा हिशेब. ३ वर्षांनी ती १० ला जाईल असं धरलं तर किमतीतली घट ४. दुरुस्ती ७. नेहमीचं सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामं वर्षाला २.५ प्रमाणे ७.५. अडकलेल्या पैशावर ८ टक्क्यांनी व्याज साधारण ३.७. बेरीज २२.२, म्हणजे वर्षाला ७.४.

नवी १० वर्षं वापरून २० ला विकली, तर घट वर्षाला ८. सरासरी ६० अडकून राहतात, त्यावर ८ टक्के म्हणजे ४.८. जुनीपेक्षा जास्तीचा विमा १.५, सर्व्हिसिंग १.५. झाले १५.८. यातून इंधनाची बचत वजा करा. तुमची गाडी लिटरला १४ देते, नवी १८ देईल असं धरलं तर वर्षाला सुमारे १४० लिटर वाचतील. इंधनावर तुमचे वर्षाला ८ जातात, त्यातले १.८ कमी होतील. उरले १४.

७.४ विरुद्ध १४. या ३ वर्षांत जुनीने अपेक्षेबाहेर आणखी २० चा खर्च काढला, तरच दोन्ही पारडी सारखी होतात. एखादं मोठं काम निघालं तरी एवढी मोठी फट सहसा भरून निघत नाही. वापर मात्र वर्षाला २५,००० किलोमीटर असता तर चित्र बरंच बदललं असतं: इंधनाची बचतच ५ च्या आसपास गेली असती आणि जुनीची कामंही लवकर निघाली असती.

मधला रस्ताही तपासला. ३-४ वर्षं वापरलेली गाडी ५५ ला घेऊन ७ वर्षांनी १५ ला विकली, तर सगळं धरून वर्षाला साधारण १२ पडतात. बदलणं भागच पडलं तर नवीआधी हा पर्याय बघा.

कर्जाची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्याकडे रोख १६ आहेत, गाडीचे १४ मिळवले तर ३० होतात. म्हणजे कर्ज ७० चं. ९ टक्क्यांनी ७ वर्षांचा हप्ता महिन्याला १.१३ बसतो आणि एकूण परतफेड साडेचौऱ्याण्णवच्या आसपास जाते. आता दुसरीकडे बघा. रोखीतून ७ देऊन दुरुस्ती केली आणि त्याच हप्त्याएवढे, म्हणजे महिन्याला १.१, तीन वर्षं ६ टक्क्यांच्या सुरक्षित ठेवीत टाकले, तर त्याचे ४३ होतात. उरलेल्या ९ चे १०.७ होतात. गाडीचे १० धरले की हाताशी जवळपास ६४. दरम्यान नवीची किंमत वर्षाला ४ टक्क्यांनी वाढून ११२ झाली, तरी कर्ज ४८-४९ चंच लागेल. हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून आपोआप वळता करा. ‘उरले तर टाकू’ म्हणाल तर हे गणित कोलमडतं. आणि हा हप्ता भरताना आत्ताच ओढाताण होत असेल, तर नव्या गाडीचं कर्ज झेपणार नाही हेही वेळेवर कळेल.

एस्टिमेटमधली कामं कशी करून घ्यायची, त्यावरही पैसा वाचतो. टायमिंग बेल्ट आधी. १२ वर्षांत तो बदललेलाच नसेल तर किलोमीटर कितीही असोत, रबर जुनं झालंय. तो चालत्या इंजिनात तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि १.२ चं काम अनेक पटींनी वाढतं. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुली) आणि, बेल्टवर फिरणारा असेल तर, वॉटर पंपही बदला, कारण मजुरी तीच असते. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरला की रिलीज बेअरिंग बदला, फ्लायव्हील आणि मागचं क्रँक ऑइल सील बघून घ्या. सील गळकं निघालं आणि तसंच ठेवलं तर नव्या प्लेटला तेल लागतं आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. कंडेन्सर थांबू शकतो. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. जुना साठा गळ्यात मारून घेऊ नका.

काही बाबतींत आकडेमोड बाजूला ठेवायची. सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट), सिल (दारांखालची पट्टी) किंवा सस्पेन्शनच्या माउंटिंगपाशी गंज आत शिरला असेल, एअरबॅगचा दिवा विझत नसेल आणि सुटे भाग मिळत नसतील, किंवा तुमच्याकडे जुन्या गाड्यांवर वयाची वा धुराची बंधनं येऊ घातली असतील, तर गाडी विकून टाका. मग टायर आणि सस्पेन्शनवर खर्च करू नका, तो भावात परत मिळत नाही.

आता ती चाचणी. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायची चाचणी, करायला सांगा: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. आकडे कंपनीच्या मर्यादेत असतील आणि आपसातला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत असेल, तर वरची सगळी कामं निर्धास्त करा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला लावा. दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलची) गडबड आहे. दोन्ही बाबतींत क्लच-सस्पेन्शनचं काम थांबवा, इंजिनकामाचा वेगळा आकडा घ्या आणि तो ७ मध्ये मिळवून वरचा हिशेब पुन्हा मांडा.