सोलापुरात भाड्याने घेतलेली गाडी परत देताना कटकट होऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा बेत मला असा समजला: पुण्याहून रेल्वेने सोलापूरला यायचं, इथे सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्यायची, तीन दिवसांत आई-वडिलांना तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करून आणायचं आणि रविवारी रात्री गाडी स्टेशनवरच मालकाच्या ताब्यात देऊन सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची. डिपॉझिट दहा हजार. ते अख्खं परत कसं मिळेल, हा प्रश्न.

माझं घर सोलापुरातच आहे, पण स्वतःची गाडी नाही. पाहुणे आले की भाड्याची आणतो, म्हणजे वर्षातून पाच-सहा वेळा. त्यातून दोनदा पैसे गेले आणि दोन्ही वेळा चूक निम्मी माझीच होती. त्या अनुभवावरून सांगतो: 'रविवारी रात्री स्टेशनवर' एवढं मात्र बदला.

मी एकदा नेमकं हेच केलं होतं. दिवस उसाच्या हंगामाचे. पंढरपूरहून येताना मोहोळपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे रखडलो आणि साडेनऊला कसाबसा स्टेशनबाहेर पोचलो. तिथे रिक्षांची रांग, गाडी उभी करायला जागा नाही, मागून हॉर्न. मालकाचा पोरगा मोटारसायकलवरून आला, मोबाइलच्या टॉर्चने गाडीभोवती एक चक्कर मारली, म्हणाला, "ठीकाय साहेब, डिपॉझिट सकाळी टाकतो." मीही रेल्वे सुटेल या घाईत चावी दिली. दुसऱ्या दिवशी नऊला फोन आला. "साहेब, डाव्या दारावर लाईन पडलीय की ओ." सोबत फोटो. मागच्या दारापासून पुढच्यापर्यंत गेलेला बारीक ओरखडा. ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टिपरी असा ओरखडा काढतात, हे खरं. पण तो माझ्याकडे असताना पडला, आधीचा होता, की पोराने रात्री गल्लीतून गाडी नेताना काढला? गाडी घेताना मी व्हिडिओ काढला होता. उघडून बघितला तर गाडी नुकतीच धुतलेली, पाण्याने निथळणारी. ओल्या पत्र्यावर बारीक ओरखडा दिसतच नाही. साडेतीन हजार कापले गेले. तो ओरखडा कोणाचा, हे मला आजही माहीत नाही.

म्हणून आता मी गाडी उजेडातच देतो, संध्याकाळी पाचच्या आत, आणि मालकाच्या ऑफिसात किंवा त्याच्या घरासमोर. तुमचा माणूस सात रस्ता, होटगी रोड, विजापूर रोड अशा भागातला असेल तर तिथून स्टेशन रिक्षाने जवळ आहे. आई-वडिलांना सामानासकट आधी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये किंवा एखाद्या हॉटेलात बसवा आणि मग एकटे गाडी द्यायला जा. म्हातारी माणसं ताटकळली की आपण भांडत नाही, सोडून देतो. समोरच्यालाही ते कळतं. (सिद्धेश्वर पुण्यात अपरात्री उतरवते, तेवढं मात्र बघा. मी असतो तर सोमवारी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस घेतली असती.)

याच कारणासाठी गाणगापूर शेवटच्या दिवशी ठेवू नका. दुपारची भिक्षा, संगमावरचं स्नान, यात दिवस जातो आणि तिथून सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. तुळजापूरला रविवारी आणि मंगळवार-शुक्रवारी दर्शनाची रांग किती वेळ घेईल हे देवीच जाणे. रविवारी सकाळी अक्कलकोट करा. चाळीस किलोमीटरवर आहे आणि तिथली मोठी गर्दी गुरुवारची असते. दुपारपर्यंत आरामात परत याल. उशीर झाला तर तासाचे पैसे लावतात, आणि काही जण दोन तास उलटले की अख्ख्या दिवसाचं भाडं मागतात. हा नियम गाडी घेतानाच विचारून ठेवा. उशीर होणार असं वाटलं तर दुपारीच मेसेज टाका. वेळ उलटल्यावर केलेल्या फोनचं कोणी ऐकत नाही.

पेट्रोलचं सोपं आहे. घेताना काट्याचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा एकत्र फोटो काढा, देताना तेवढंच भरून द्या. चुकायचं ते दोन जागी. गाडी चढावर उभी असेल तर काटा थोडा फसवतो, म्हणून दोन्ही फोटो सपाट जागेवर घ्या. आणि स्क्रीनवरची पेट्रोलची एक दांडी म्हणजे किती लिटर, यावर वाद होतो. साध्या हॅचबॅकची टाकी ३५ ते ३७ लिटरची धरली आणि आठ दांड्या असल्या तर एक दांडी साडेचार लिटरच्या आसपास पडते. मालक एका दांडीचे हजार रुपये सांगायला लागला की हा हिशोब तोंडावर असलेला बरा. शेवटचं पेट्रोल परतताना शहरातच भरा आणि पावती ठेवा.

किलोमीटरची मर्यादा असेल तर तुमचा प्रवास अंदाजे असा होतो: तुळजापूर जाऊन-येऊन नव्वद, अक्कलकोट ऐंशी, गाणगापूर दोनशेच्या वर. गावातलं फिरणं धरून चारशे. तीन दिवसांत एवढ्याने मर्यादा ओलांडायचं कारण नाही. वाटेत नळदुर्गचा किल्ला काढलात तर जरा वाढेल. गाणगापूर कर्नाटकात आहे, तेव्हा गाडी राज्याबाहेर नेणार हे मालकाला आधी मेसेजवर कळवा आणि त्याचा होकार जपून ठेवा. त्याच्याकडे गाडीत जीपीएस असतो. परत आल्यावर "विचारलं नव्हतं" हा मुद्दा निघायला नको.

आता साफसफाई. याच्यावर कोणी नीट सांगत नाही, आणि देवदर्शनाच्या ट्रिपमध्ये खरा घोळ इथेच होतो. माझे दुसऱ्यांदा पैसे गेले ते हळदीने. इथल्या बाळे गावच्या खंडोबाला गेलो होतो, काकू सोबत. यळकोट यळकोट करत भंडारा उधळला, तसेच गाडीत बसलो. सीट फिकट बदामी कापडाची. घरी आल्यावर काकूंना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी बादलीभर साबणाचं पाणी घेऊन ब्रशने घासायला सुरुवात केली. दोन मिनिटांत पिवळा डाग लालभडक! जणू सीटवर कुंकूच सांडलं. आणि ते एका अर्थी खरंच आहे. कुंकू हळदीला चुन्याचा हात लावूनच करायचे पूर्वी. हळदीला चुना काय, साबण काय, क्षार लागला की ती लाल होते. मालकाने सीट ड्रायक्लीनचे म्हणून पंधराशे घेतले, आणि मी काय बोलणार?

तेव्हा हळद, भंडारा सांडला तर पाणी-साबण अजिबात लावू नका. आधी कोरडाच झटका, मग पेट्रोल पंपावर किंवा वॉशिंग सेंटरवर व्हॅक्यूम मारून घ्या. जो डाग उरेल त्याला ऊन दाखवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो आणि सोलापुरात ऊन फुकट आहे. काचा थोड्या खाली ठेवून दुपारभर गाडी उन्हात उभी केली तर बराच फरक पडतो. चुकून साबण लागून लाल झालाच तर थोडं लिंबू पिळलेलं पाणी लावून पुसा, परत पिवळा होतो. त्याहून सोपं म्हणजे तीन दिवस सीटवर जुनी सोलापुरी चादर टाकून ठेवा. आमच्याकडे ती प्रत्येक घरात चार तरी निघते.

बाहेरून गाडी धुऊन द्या, पण देण्याच्या दोन-तीन तास आधी, म्हणजे ती सुकलेली असेल. ओली गाडी दिली की माझ्यासारखी गत. सुकल्यावर स्वतः एकदा चारी बाजूंनी फिरा. दारांच्या कडा, बंपरचे खालचे कोपरे, चाकांच्या रिमा आणि समोरची काच. हैदराबाद रोडला ट्रकच्या चाकाखालून खडा उडून काचेला टिकली पडते, ती आतून बसून कळत नाही. काही सापडलं तर परस्पर गॅरेजला जाऊन रंग मारून घेऊ नका. रंगाचा फरक मालकाला शंभर पावलांवरून दिसतो आणि मग लपवाछपवी केली असा शिक्का बसतो. घडलं त्याच दिवशी फोटोसकट कळवा. "विम्याचा क्लेम केला तर माझा नो-क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जाते" हे तो म्हणणारच, आणि त्यात तथ्य आहे. तुम्ही एवढंच म्हणा की गॅरेजचं बिल दाखवा, तेवढे देतो.

देताना डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पाना त्याला दाखवा. बाकी गाडीची कागदपत्रं जशी होती तशी डॅशबोर्डच्या कप्प्यात. तुमचा फोन ब्लूटूथला जोडला असेल तर तो गाडीच्या स्क्रीनवरून काढून टाका. नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला तुमच्या सासूबाईंचा नंबर वाचायला मिळतो.

गाडी दिल्यानंतर येणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे टोल आणि वाहतूक दंडाचं चलन. फास्टॅग गाडीच्या मालकाचा असतो, पैसे त्याच्या खात्यातून जातात. त्यामुळे शेवटी तो एक आकडा सांगतो आणि आपण देतो. तसं नको. त्याच्या मोबाइलवरची कपातीची यादी बघा. तुळजापूरला जाताना तामलवाडीचा टोल लागतो. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलवर चोवीस तासांत परत आलात तर जाऊन-येऊन मिळून एकेरीच्या दीडपट पैसे पडतात, दुप्पट नाही. तो दोनदा पूर्ण टोल धरत असेल तर यादीत दिसेल.

ई-चलनाला वेळ लागतो, कधीकधी काही दिवस. चलनावर जागा, तारीख, वेळ आणि बहुतेक वेळा फोटो असतो. म्हणून चावी हातात दिल्यावर तिथेच उभं राहून मालकाला मेसेज टाका: गाडी अमुक वाजता दिली, किलोमीटर इतके, पेट्रोल इतकं, नवीन ओरखडा नाही. आणि त्याच्याकडून 'ओके' घ्या. पुढे चलन आलं आणि वेळ तुमची असेल तर मुकाट भरा, नसेल तर हा मेसेज पुढे करा. चलनाच्या नावाखाली महिनाभर डिपॉझिट अडकवून ठेवणारे असतात. त्यांना म्हणायचं, हजार-दोन हजार ठेवा, बाकीचे आत्ता टाका. बहुतेक जण ऐकतात.

इथले काही मालक डिपॉझिटऐवजी किंवा त्याच्याबरोबर मूळ आधार कार्ड ठेवून घेतात. मी देत नाही. शेवटचे चार आकडेच दिसणारी मास्क केलेली प्रत देतो, लायसन्स दाखवतो. तुम्ही मूळ कागद दिलेच असतील तर चावी द्यायच्या आधी ते हातात घ्या, नंतर नाही.

आणखी एक. तुम्ही गाडीचा नंबर दिला नाही, पण नंबर प्लेट बघा. सेल्फ-ड्राइव्हसाठी रीतसर परवाना असलेल्या गाडीला काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात. पांढरी प्लेट म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्याने देता येत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. सोलापुरात अशा पांढऱ्या प्लेटच्या गाड्या सर्रास फिरतात, स्वस्तही पडतात. मीही पूर्वी घेतल्या आहेत. पण तिथे पावती मिळत नाही, आणि डिपॉझिट अडकलं तर तक्रार करायला हातात कागदच नसतो. बुकिंग अजून बदलता येत असेल तर बदला.

जाता जाता डिकी दोनदा बघा. नवी पेठेतून घेतलेली शेंगा चटणी, कडक भाकरी, देवीचा प्रसाद, सगळं शेवटी डिकीतच राहतं. मागच्या दिवाळीत माझी अर्धा किलो चटणी गाडीत राहिली. अर्ध्या तासात मालकाला फोन केला तर म्हणाला, "चटणी? कुठली चटणी ओ? गाडीत काय बी नव्हतं बघा." डिपॉझिट मात्र त्याने त्याच दिवशी पूर्ण टाकलं.